अपकृत्याचे वाटेकरी



ज्या विधिज्ञांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या कचेरीत मी उमेदवारीची पहिली तीन वर्षे काढली. कोणत्याही दाव्याचे कागद समोर आले की वादपत्र आणि कैफियत बाजूला सारून ते आम्हां नवशिक्यांना आधी एकच प्रश्न विचारीत : ‘यात नुकसान कुणाचे झाले आहे?’ प्रश्न इतका साधा वाटे की उत्तर देताना आम्हांला संकोच होई. परंतु पुढे पस्तीस वर्षे न्यायालयांच्या पायऱ्या चढल्या-उतरल्यावर माझी खात्री पटली की, ज्या दाव्यात चूक करणारे एकाहून अधिक असतात त्या दाव्यात सर्वांत आधी विसर पडतो तो याच प्रश्नाचा. प्रतिवादी एकमेकांकडे बोट दाखवू लागतात, त्यांचे वकील एकमेकांच्या साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ लागतात, न्यायाधीश कुणाचा दोष किती याचे माप काढण्यात गढून जातात, आणि ज्याचे घर बसले तो माणूस कोर्टाच्या बाकावर बसून हा सारा प्रकार पाहत राहतो. त्या बाकावरच्या माणसाविषयी मला आज बोलायचे आहे.

प्रारंभी एक प्रकरण सांगतो. जुने आहे, पण माझ्या मनातून गेलेले नाही. उसाचा हंगाम होता. रात्री नऊच्या सुमारास दहा-बारा उतारू कोंबलेली एक जीप आठवड्याच्या बाजाराहून परतत होती, आणि वळणापलीकडे उसाने भरलेली एक ट्रॉली, टायर फुटल्यामुळे, निम्मा रस्ता अडवून उभी होती. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, लाल काच नव्हती. चालकाने रस्त्यावर दगड मांडले नव्हते की बाभळीची फांदी टाकली नव्हती. जीपही अशी भरधाव की वळणावर आवरणे अशक्य. पुढच्या बाकावर बसलेला एक शेतमजूर जागीच गेला. त्याच्या विधवेचा अर्ज मी मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालवला. न्यायाधिकरणाने तीन लाखांची भरपाई ठरवली आणि निकालपत्राच्या अखेरीस लिहिले की, जीपचालकाची हयगय साठ टक्के व ट्रॉलीवाल्याची चाळीस टक्के, सबब ज्याने त्याने आपापल्या हिश्शाची रक्कम भरावी. जीपचा विमा उतरवलेला होता. विमा कंपनीने एक लाख ऐंशी हजार जमा केले आणि ती मोकळी झाली. ट्रॉलीचा विमा नव्हता. उरलेल्या एक लाख वीस हजारांसाठी आम्ही दरखास्त दाखल केली. बेलिफ गावी जाऊन आला. घर बापाच्या नावे, ट्रॅक्टर बँकेच्या तारणात, जमीन भावकीच्या वाटपात अडकलेली. बेलिफाने वॉरंटावर शेरा मारला : ‘जप्त करण्याजोगी चीजवस्तू आढळून आली नाही.’

तो शेरा मी त्या बाईंना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला, आणि मग म्हणाल्या, ‘सायेब, दोघांनी मिळून माजा मानूस न्हेला, मग पैसं देताना दोघं येगळं कसं झालं?’

सभ्य गृहस्थहो, अपकृत्यांच्या कायद्यावरचे मोठमोठे ग्रंथ मी वाचले आहेत. परंतु या विषयाचा गाभा याहून नेमका मांडलेला मला आढळला नाही. खरे तर कायदा तेव्हाही त्या बाईंच्या बाजूचा होता. अपील केले असते तर साठ-चाळीसची ती वाटणी त्यांच्यावर बंधनकारक ठरली नसती. परंतु अपिलाचा खर्च आणि आणखी चार-पाच वर्षांचे हेलपाटे यांची त्यांना धास्ती होती, आणि मीही हट्ट धरला नाही. हट्ट धरायला हवा होता, ही खंत मला आजही आहे, आणि या विषयावर बोलण्याचे निमंत्रण स्वीकारण्यामागे ती खंतच आहे.

आता थोडे मागे जाऊ. अपकृत्य म्हणजे काय? करार मोडला तर करारातच त्याचा उपाय असतो. गुन्हा घडला तर सरकार फिर्यादी होते. परंतु ज्याच्याशी माझा करार नाही, ज्याची माझी ओळखही नाही, त्याच्या हयगयीने माझा हात मोडला, भिंत पडली, माणूस गेला, तर त्याने ते नुकसान भरून द्यावे, एवढे सांगणारा जो दिवाणी कायदा तो अपकृत्यांचा कायदा. इंग्रजांनी आपल्याला दंडसंहिता १८६० साली दिली, कराराचा कायदा १८७२ साली आणि मालमत्ता-हस्तांतरणाचा १८८२ साली. अपकृत्यांचा कायदा मात्र संहितेच्या रूपाने त्यांनी कधीच दिला नाही. सर फ्रेडरिक पोलॉक यांनी हिंदुस्थान सरकारसाठी १८८६ साली दिवाणी अपकृत्यांच्या विधेयकाचा मसुदा सिद्ध केला होता. त्याचा कायदा झाला नाही, आणि स्वराज्य येऊन इतकी वर्षे लोटली तरी आपणही तो केलेला नाही. मग आपले न्यायाधीश निकाल देतात ते कशाच्या आधारावर? मुंबई इलाख्यापुरते बोलायचे तर एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनाने त्यांना सांगून ठेवले होते की, कायदा नसेल तर देशाचा रिवाज पाहावा, रिवाज नसेल तर प्रतिवादीचा कायदा पाहावा, आणि तोही नसेल तर न्याय, समता व सदसद्विवेक यांना अनुसरून निवाडा करावा. या तीन शब्दांच्या दारातून इंग्लंडचा सारा न्यायनिर्मित कायदा, त्याच्या गुणांसह आणि दोषांसह, आपल्या घरात आला.

देशाच्या रिवाजाचा उल्लेख आलाच आहे, तर एक आडकथा सांगून टाकतो. पेशवाई बुडाल्यावर या मुलुखाचा जो वृत्तांत एल्फिन्स्टनने १८१९ साली गव्हर्नर जनरलकडे धाडला, त्यात गावच्या जागल्याविषयी लिहिले आहे. चोरी झाली की जागल्याने चोराचा माग काढायचा. माग शिवेपार लावून दिला की त्याच्या गावाची जबाबदारी सरली, आणि ज्या गावाच्या शिवेत माग शिरला त्या गावावर ती आली. माग जिथे हरवला त्या गावाने ऐवज भरून द्यायचा. चोर कोण, गावातल्या कुणाचा हात किती, याचा तपास होईपर्यंत ज्याचे घर फोडले गेले त्याने थांबावे, असे त्या रिवाजात नव्हते. सामुदायिक दंडाची ती पद्धत आजच्या कायद्यात आणावी असे मी म्हणत नाही. निरपराध्यावर बोजा टाकणे आपल्याला मान्य होणार नाही. परंतु भरपाईचा क्रम आधी आणि दोषाच्या वाटणीचा क्रम नंतर, एवढी समज या मातीला नवी नाही, हे आपण ध्यानी ठेवावे.

आता इंग्लंडातून आपल्याकडे आले ते काय? १७९९ साली तेथे एक प्रकरण झाले, मेरीवेदर विरुद्ध निक्सन. दोघांनी मिळून एकाच्या गिरणीचे व तिच्यातील यंत्रांचे नुकसान केले. मालकाने दोघांविरुद्ध दावा केला, आठशे चाळीस पौंडांचा हुकूमनामा मिळवला आणि सारी रक्कम एकट्या मेरीवेदरकडून वसूल केली. मेरीवेदर निक्सनला म्हणाला, निम्मे दे. लॉर्ड केनियन यांनी त्याला रिकाम्या हाती परत पाठवले. दोन अपराध्यांमध्ये परस्परांकडून वाटा मागण्याचा हक्क उत्पन्न होत नाही, असा नियम त्या निकालातून रूढ झाला. यात गिरणीमालकाच्या बाजूने काही वावगे घडले नाही. त्याला त्याचे मिळाले. वाईट झाले ते पुढचे. ज्याच्यावर वसुलीचा घाला पडला त्याने सगळे भरायचे आणि जोडीदाराने खुशाल मिशीला पीळ द्यायचा, अशी ही व्यवस्था १३६ वर्षे टिकली. १९३५ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून ठरवले की, भरपाई देणाऱ्या अपराध्याला दुसऱ्याकडून न्याय्य वाटा मागता येईल आणि तो वाटा न्यायालय प्रत्येकाच्या जबाबदारीच्या मानाने ठरवील. १९७८ साली त्याचा विस्तार झाला. आपल्याकडे असा कायदा झालाच नाही. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने १९५१ साली मेरीवेदरचा नियम आपल्याकडे लागू नाही असे म्हटले, ते न्याय व समता यांच्या बळावर. न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवलेली गोष्ट प्रांताप्रांतात वेगळे रूप घेऊ शकते, हे वकिली करणाऱ्यांना सांगायला नको.

दुसराही एक नियम त्याच देशातून आला, आणि त्याने गोंधळ वाढवला. १८०९ सालचे बटरफिल्ड विरुद्ध फॉरेस्टर. डर्बी गावी एकाने आपल्या घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यावर आडवा बांबू टाकला. ऑगस्टातली संध्याकाळ, आठाचा सुमार, घरोघरी नुकत्याच मेणबत्त्या लागत होत्या. तरीही शंभर यार्डांवरून बांबू दिसेल इतका उजेड होता. एक घोडेस्वार भरधाव आला, बांबूवर आदळला, पडला, जबर जखमी झाला. न्यायालयाने त्याला एक कवडीही दिली नाही, कारण त्याने स्वतः सावधगिरी बाळगली नव्हती. जखमीची स्वतःची हयगय सिद्ध झाली की दावा संपूर्ण बुडाला, असे सव्वाशेहून अधिक वर्षे चालले. १९४५ साली पार्लमेंटने तो नियम मोडून दोषाच्या प्रमाणात भरपाई कमी करण्याचा मार्ग घालून दिला, आणि तेच तत्त्व आपल्याकडे मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने १९७५ साली, कायदा नसताना, न्यायबुद्धीच्या आधाराने स्वीकारले.

हे मी विस्ताराने सांगितले याला कारण आहे. टक्केवारीचे हे गणित जन्माला आले ते जखमी माणसाच्या स्वतःच्या दोषापुरते. घोडेस्वाराचा तिसरा हिस्सा दोष असेल तर त्याची तिसरा हिस्सा भरपाई कापणे रास्त आहे. परंतु माझ्या अशिलाचा नवरा जीपमध्ये नुसता बसला होता. त्याचा दोष शून्य. अशा ठिकाणी साठ आणि चाळीस हे आकडे दोन अपराध्यांनी आपसांत हिशेब करण्यासाठी आहेत. त्या बाईंच्या हातात पडणाऱ्या रकमेशी त्यांचा संबंध काय? पहिल्या प्रकाराला कोर्टात सहभागी हयगय म्हणतात व दुसऱ्याला संमिश्र हयगय, आणि या दोन शब्दांची सरमिसळ खालच्या न्यायालयांत इतकी वेळा झाली की सर्वोच्च न्यायालयाला २००८ साली टी. ओ. अँटनी यांच्या प्रकरणात दोहोंतला भेद पुन्हा समजावून सांगावा लागला. २०१५ साली खेन्येई यांच्या प्रकरणात तर त्या न्यायालयाने सगळेच स्पष्ट केले : संमिश्र हयगय असेल तर पीडिताने कोणत्याही एका अपराध्याकडून संपूर्ण भरपाई वसूल करावी; सर्व अपराधी समोर असतील आणि पुरावा पुरेसा असेल तर न्यायाधिकरणाने त्यांचे आपसांतले हिस्से त्याच निकालात ठरवावेत; आणि ज्याने सारे भरले त्याने त्या निकालाच्या बळावर दुसऱ्याविरुद्ध बजावणी करून आपले पैसे परत घ्यावेत. ग्राहक आयोगांच्या आदेशांत आपण नेहमी वाचतो ते ‘वैयक्तिक व संयुक्तिकरीत्या द्यावेत’ हे शब्द याच तत्त्वाचे आहेत. हा निकाल माझ्या त्या प्रकरणाच्या आधी आला असता, तर?

इथे सभागृहातील एखादा विचारी श्रोता मनातल्या मनात हरकत घेत असेल, आणि ती हरकत लहान नाही. तो म्हणेल, ज्याचा दोष अगदी क्षुल्लक त्याने सारे का भरावे? केवळ त्याच्या खिशात पैसे आहेत म्हणून? या हरकतीने अमेरिकेत मोठे रण माजले. फ्लॉरिडातील डिस्नेच्या करमणूक-उद्यानात १९७१ साली एक तरुणी लहान मोटारगाडी चालवत असता तिच्या नियोजित वरानेच आपली गाडी मागून तिच्यावर घातली व ती जखमी झाली. ज्यूरीने दोष वाटला तो असा : तरुणीचा स्वतःचा १४ टक्के, तिच्या जोडीदाराचा ८५ टक्के, आणि डिस्नेचा १ टक्का. पुढे त्या दोघांचे लग्न झालेले असल्यामुळे नवऱ्याविरुद्ध दावा चालण्यासारखा नव्हता, आणि डिस्नेला एका टक्क्यापोटी ८६ टक्के रक्कम भरावी लागली. फ्लॉरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली तो निकाल कायम केला आणि नियम बदलायचा तर तो विधिमंडळाने बदलावा असे म्हटले. विधिमंडळाने अखेर २००६ साली ज्याचा त्याचा वाटा एवढाच नियम केला. कॅलिफोर्नियात १९८६ साली सार्वमताने ठरले की, औषधोपचार व बुडालेली मिळकत यांची जबाबदारी पूर्वीप्रमाणे अविभक्त राहील, म्हणजे कुणाही एकाकडून सारी रक्कम वसूल करता येईल, परंतु वेदना व मनःस्ताप यांच्या भरपाईपुरती ज्याची त्याची. ऑस्ट्रेलियात एच.आय.एच. ही मोठी विमा कंपनी २००१ साली बुडाली, विम्याचे हप्ते गगनाला भिडले, आणि पुढील दोन-चार वर्षांत तेथील राज्यांनी शुद्ध आर्थिक नुकसानीच्या दाव्यांत प्रमाणबद्ध जबाबदारीचा अवलंब केला.

या साऱ्यांना मी चुकीचे ठरवणार नाही. हिशेबतपासनीस आणि त्याचा व्यापारी अशील यांच्यातला तंटा असेल, दोघेही आपापला भिडू पारखून घेणारे असतील, तर ऑस्ट्रेलियाची वाट मला रास्त वाटते. डिस्नेच्या प्रकरणाने मीही बराच काळ अस्वस्थ होतो. परंतु विचार करता करता मला एक गोष्ट उमगली. एक टक्का दोष याचा अर्थ एक टक्का इजा असा नाही. ज्याची हयगय इजेच्या कारणांत मोजली गेली, तो त्या संपूर्ण इजेला कारण असतो. ट्रॉलीला दिवा असता तर तो मजूर वाचला असता, आणि जीप सावकाश असती तरीही वाचला असता. दोघांनी मिळून त्याच्या मृत्यूचे तुकडे वाटून घेतलेले नाहीत. मग प्रश्न एवढाच उरतो की, अपराध्यांपैकी एकजण दिवाळखोर निघाला तर त्या दिवाळखोरीची खोट कुणी सोसायची : ज्याने काही प्रमाणात का होईना चूक केली त्याने, की ज्याने काहीच केले नाही त्याने? असा प्रश्न उघड विचारला तर तुमच्यापैकी किती जण दुसरे उत्तर देतील? जेथे जखमीचाही थोडा दोष आहे, तेथे दिवाळखोराचा हिस्सा जखमीसकट सर्वांत त्यांच्या दोषाच्या प्रमाणात वाटावा, अशी तोड अमेरिकेतील १९७७ च्या नमुना-कायद्यात सुचवलेली आहे, आणि डिस्नेच्या प्रकरणासारख्या ठिकाणी ती मला सर्वांत न्याय्य दिसते.

इंग्लंडात याच मुद्द्यावर घडलेली एक घटना मला फार बोलकी वाटते. ॲस्बेस्टॉसची धूळ श्वासावाटे गेल्याने कामगारांना फुप्फुसांच्या आवरणाचा कर्करोग होतो, आणि तो पुष्कळदा तीस-चाळीस वर्षांनी प्रकट होतो. कामगाराने आयुष्यात चार मालकांकडे काम केले. घातक कण कुणाच्या कारखान्यातला हे सांगायला वैद्यकशास्त्र असमर्थ. २००२ साली फेअरचाइल्ड प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने, कारण नेमके सिद्ध होत नाही म्हणून त्या सर्वांना सोडून देण्याचे नाकारले आणि प्रत्येकाला जबाबदार धरले. ३ मे २००६ रोजी त्याच न्यायपीठाने बार्कर प्रकरणात सांगितले की, जबाबदारी आहे खरी, पण ज्याच्या त्याच्या वाट्यापुरती. एव्हाना कित्येक जुन्या कंपन्या बंद पडल्या होत्या, त्यांच्या विम्याचे दस्तऐवज गहाळ झाले होते. म्हणजे मरणाच्या दारातील कामगाराने तीस वर्षांपूर्वीच्या मालकांचे पत्ते शोधत फिरायचे आणि ज्याचा पत्ता लागणार नाही त्याचा वाटा सोडून द्यायचा. देशभर हळहळ झाली, आणि २५ जुलै २००६ रोजी, तीन महिन्यांच्या आत, पार्लमेंटने कायद्यात कलम घालून त्या रोगापुरता बार्करचा निकाल फिरवला. विधिमंडळाने मनावर घेतले तर या विषयाला किती अवधी लागतो याचा तो पुरावा आहे.

आता आपल्या देशातील त्या प्रकरणाकडे येतो, ज्यात या विषयाची सारी गुंतागुंत एका इमारतीत सामावलेली दिसते. दिल्लीतील ग्रीन पार्क भागातील उपहार चित्रपटगृह; १३ जून १९९७, शुक्रवार; दुपारचा खेळ, चित्रपट ‘बॉर्डर’. तळमजल्यावरच्या वाहनतळाशी विद्युत मंडळाचे रोहित्र होते. त्याला सकाळी आग लागली होती आणि मंडळाच्या लोकांनी घाईघाईने दुरुस्ती करून ते पुन्हा चालू केले होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास त्याने पुन्हा पेट घेतला. तेल वाहिले, शेजारी दाटीने उभ्या केलेल्या मोटारी पेटल्या, आणि धूर जिन्याच्या पोकळीतून वर बाल्कनीत शिरला. बाल्कनीत वाढीव खुर्च्यांसाठी उजवीकडची जाण्यायेण्याची वाट बंद केलेली होती; त्या बाजूचे दार खाजगी बैठकीने अडवलेले होते. ५९ माणसे गेली, बहुतेक गुदमरून.

आता सांगा, त्यांना कुणी मारले? मंडळ म्हणे, आमच्या रोहित्राने बाल्कनीतली माणसे मेली नाहीत, बंद वाटांनी मेली. चित्रपटगृहाचा मालक म्हणे, आग तर मंडळाच्या रोहित्राची. परवाना देणारे पोलीस खाते म्हणे, आम्ही इतर खात्यांच्या दाखल्यांवर विसंबलो. महानगरपालिका म्हणे, परवाना आमच्या हातात नाही. प्रत्येकाच्या म्हणण्यात सत्याचा अंश होता, आणि म्हणूनच कुणालाही सुटू देणे अवघड होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ साली चौघांनाही जबाबदार धरून आपसांत वाटणी केली : मालक ५५ टक्के, आणि विद्युत मंडळ, महानगरपालिका व परवाना अधिकारी प्रत्येकी १५ टक्के. सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०११ रोजी महानगरपालिका व परवाना अधिकारी यांना भरपाईतून मुक्त केले. मालक व मंडळ यांची जबाबदारी पीडितांशी अविभक्त आणि आपसांत ८५ व १५ टक्के, असे ठरवले. वीस वर्षांवरील मृतासाठी उच्च न्यायालयाने ठरवलेले १८ लाख १० लाखांवर आले, आणि त्याहून लहानांसाठीचे १५ लाख साडेसात लाखांवर.

या निकालाचा अविभक्त जबाबदारीचा भाग मला शिरसावंद्य वाटतो. परंतु ज्यांनी दरवर्षी तपासणी करायची, ज्यांच्या सहीने ते दार बंद राहिले, त्यांना मोकळे सोडण्याचा भाग माझ्या मनाला पटलेला नाही, आणि हे मी सर्वोच्च न्यायालयाविषयी पूर्ण आदर राखून म्हणतो. सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर प्रत्येक अपघाताचा बोजा पडू लागला तर तो परवान्यावर सही करण्यासच धजणार नाही, आणि पालिकेचा खजिना हा अखेर करदात्यांचाच पैसा आहे, ही भीती मी समजू शकतो. पण तपासणीच्या वहीत सही करणाऱ्याला आपल्या सहीची किंमत पडत नसेल, तर त्या सहीच्या भरवशावर मुलांना घेऊन चित्रपटाला जाणाऱ्या माणसाने काय करावे?

सरकारच्या जबाबदारीचा हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. विधी आयोगाचा १९५६ सालचा अगदी पहिला अहवालच राज्यसंस्थेच्या अपकृत्यविषयक जबाबदारीवर आहे. १९६४ साली कस्तुरीलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, मेरठच्या पोलिसांनी जप्त केलेले व त्यांच्याच हेड कॉन्स्टेबलने पाकिस्तानात पळवलेले सोने भरून देण्यास सरकार सार्वभौम सत्तेच्या नावाखाली बांधील नाही असे म्हटले, आणि त्याच वेळी विधिमंडळाने कायदा करावा अशी अपेक्षाही व्यक्त केली. १९६५ व १९६७ साली विधेयके आली आणि बारगळली. पुढे मूलभूत हक्कांच्या मार्गाने न्यायालयांनी पुष्कळ वाट मोकळी केली. पण कायद्याच्या पुस्तकातले ते पान आजही कोरेच आहे.

मग कायदा करायचा तर तो कसा असावा? मला तो फार लांबलचक नको आहे. ज्याच्या स्वतःच्या दोषाशिवाय शरीराची वा जिवाची हानी झाली त्याला सर्व अपराधी अविभक्तपणे बांधील राहतील, हे पहिल्या कलमात यावे. त्यांचे आपसांतले हिस्से त्याच निकालात, त्याच पुराव्यावर ठरावेत, म्हणजे जो भरेल त्याला दुसऱ्यावर नवा दावा लावण्याची यातायात पडणार नाही. एखादा अपराधी नादार निघाला तर त्याचा हिस्सा उरलेल्यांत विभागावा. आणि अपराध्यांत सरकार, पालिका वा मंडळ असेल तर त्यालाही हीच मोजपट्टी लावावी. यात अशक्य असे काय आहे? विमा कंपनीने आधी पैसे भरावेत आणि मग गाडीमालकाकडून वसूल करावेत, हे आपली न्यायाधिकरणे पॉलिसीच्या अटी मोडल्याच्या प्रकरणांत आजही सांगतात, आणि कंपन्या ते पाळतात. वसुलीचा तगादा लावण्यासाठी कंपनीकडे वकील असतात, कारकून असतात, वर्षानुवर्षे थांबण्याची ताकद असते. एका विधवेपाशी यांपैकी काय असते?

हुकूमनाम्याच्या बजावणीला बारा वर्षांची मुदत असते. त्या बारा वर्षांत त्या बाई माझ्याकडे, हंगाम सुरू झाला की, एकदा यायच्या. यंदा ट्रॉलीवाल्याच्या उसाला दर बरा आहे, तेव्हा काही निघेल का, असे विचारायच्या. दोन वेळा आम्ही नव्याने दरखास्त दिली आणि दोन्ही वेळा बेलिफ तोच शेरा घेऊन परतला. मुदत संपल्यावर त्यांचा थोरला मुलगा आला. तो आता स्वतः ऊसतोडीला जात होता. त्याने विचारले, निकालाची नक्कल घरी मिळेल का, आई ठेवायला मागते. मी कपाटातून नक्कल काढली. वारंवार हाताळल्याने तिच्या घड्या फाटत आल्या होत्या, त्या मी चिकटपट्टीने जोडल्या आणि नक्कल त्याच्या हाती दिली. शेवटच्या पानावर ‘चाळीस टक्के’ या शब्दांखाली मी कधीकाळी ओढलेली पेन्सिलीची रेघ तशीच होती. त्याने ती पाहिली, काही विचारले नाही, आणि कागद शर्टाच्या आत घालून तो एस्टी गाठायला निघाला.